मॅच पॉइंटचा फोरहँड

कपात चमचा फिरल्याचा आवाज झाला आणि घरातली शांतता मोडली. आई ओट्याशी, मी उंबऱ्यात बसून बुटाच्या नाड्या बांधत, आणि बाबा टेबलाशी. बाबा चहात साखर घेत नसत. तरी चमचा फिरत होता.

“फोरहँड?” त्यांनी विचारलं.

“बरा आहे.”

“बरा म्हणजे?”

“प्रॅक्टिसमध्ये लागतो.”

“प्रॅक्टिसमध्ये माझासुद्धा लागतो, केतकी.”

“अहो, सकाळी सकाळी नको ना,” आई म्हणाली. “मुलीला धड निघू तरी द्या.”

त्या दिवशी दुपारी चारला सोळा वर्षांखालच्या मुलींची फायनल होती. आमच्या जिल्ह्यातून एकच मुलगी पुण्याच्या शिबिराला जायची होती. वर्षभर तिथंच राहायचं, तिथंच शाळा, सकाळ-संध्याकाळ टेनिस. फायनल जिंकेल ती जाणार, हरेल ती घरी. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते आणि कृष्णाकाठच्या आमच्या गावातल्या जिमखान्याचे सेक्रेटरी. फायनल जिमखान्याच्याच कोर्टवर होती.

“कस्तुरी चांगली खेळते,” मी म्हणाले.

“मल्लाप्पाची कस्तुरी,” बाबांनी दुरुस्ती केली, जणू नाव अर्धवटच घेतलं होतं मी. “पोरगी गुणी आहे, मेहनती आहे, मी नाही म्हणतच नाही. पण आपल्याच कोर्टवर, आपल्याच मार्करच्या मुलीकडून…”

पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

“खेळ आहे तो,” आई म्हणाली.

“खेळच आहे. म्हणून तर सगळा क्लब येणार आहे बघायला.”

मी रॅकेट उचलली आणि सायकल काढली. फायनल चारला असली तरी सहा ते सात हा माझा प्रॅक्टिसचा टाइम होता, आणि तो मी कधी चुकवत नसे.

मार्कर म्हणजे काय ते आता कुणाला सांगावं लागतं. कोर्टला पाणी मारणारा, रोलर फिरवणारा, चुन्याच्या फक्कीनं रेषा ओढणारा, नेट बांधणारा, आणि ज्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळणारा माणूस. मल्लाप्पा तेवीस वर्षं आमच्या जिमखान्याचा मार्कर होता. सगळ्या मेंबरांपेक्षा चांगला खेळायचा आणि तेवीस वर्षांत एकाही मेंबराला त्यानं हरवलं नव्हतं. तशी रीतच होती. मेंबरानं ओरडायचं, “फोरहँड!” की मल्लाप्पानं बॉल बरोबर त्याच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर द्यायचा. “बॅकहँड!” म्हटलं की डाव्या अंगाला. मेंबरानं तो मारला, की मग तो कसाही का लागेना, मल्लाप्पानं म्हणायचं, “शॉट, साहेब!”

दोन वर्षांपूर्वी मल्लाप्पाचा गुडघा धरला, आणि माझा सहाचा टाइम कस्तुरीकडे आला. ती माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी. तरी मला ताई म्हणायची. मेंबर जवळपास असले की “ताई, तुम्ही”, दोघीच असलो की “ताई, तू”. माझी जुनी रॅकेट तिला दिली होती. तिच्या मुठीला ती जाड व्हायची, म्हणून तिनं वरचं रबर सोलून काढलं होतं आणि त्यावर कापडी पट्टी घट्ट गुंडाळली होती. मेंबर नसलेली, बाहेरची मुलगीही स्पर्धेला चालते हा नियम त्या वर्षी नवा आला, आणि तिच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंनी परस्पर तिचं नाव धाडलं. नाहीतर मल्लाप्पानं काही धाडलं नसतं.

त्या सकाळी मी पोचले तर ती नेटपाशी बॉलची टोपली घेऊन उभी.

“आज पण आलीस?”

“तुझा टाइम हाय की, ताई. सहा ते सात.”

“अगं, आज आपली मॅच आहे ना!”

“मॅच चारला हाय.” ती हसली. “आप्पा म्हनले, मेंबरांचा टाइम चुकवायचा न्हाई.”

मी म्हणू शकले असते, की घरी जा, हातपाय मोकळे ठेव, दुपारी भेटू. मी रॅकेटचं कव्हर काढलं.

माझा फोरहँड हे घरातलं दुखणंच होतं. सकाळी तो असा लागायचा की मागच्या जाळीला भोक पडेल. मॅचमध्ये तोच बॉल नेटमध्ये, नाहीतर रस्त्यावर. मल्लाप्पा म्हणायचा, “ताईसाब, बॉल काय पोस्टमन हाय व्हय, घरपोच यायला? तुमी जावा की त्याच्याकडं!” मला ते कळायचं. पाय ऐकायचे नाहीत. बॉल ठरलेल्या जागी आला तर मी राणी होते. वीतभर इकडेतिकडे पडला की माझा हात आखडायचा.

कस्तुरीनं वीसेक बॉल टाकले आणि थांबली. नेटखालून वाकून माझ्या बाजूला आली.

“ताई, तू वाट बघतीस.”

“कशाची?”

“बॉल टप्पा घ्यायची. टप्पा पडल्यावर रॅकेट मागं नेतीस, मग घाई हुती. माझ्या रॅकेटवरनं बॉल सुटला की तवाच खांदा वळव. आन मार इथं.” तिनं माझ्या डाव्या खुब्यापुढे हात धरला, वीतभर अंतरावर. तळवा चुन्यानं पांढरा झाला होता. पहाटे तिनंच रेषा ओढल्या असणार. “इथं, पुढं. पोटापाशी आला की गेला मग.”

मी तसं केलं. बॉल रॅकेटवरून निघाला तेव्हा हाताला काही जाणवलंच नाही, इतका तो सोपा गेला.

“शॉट, ताई!” ती ओरडली. मनापासून ओरडली. तिचं ते नुसतं रीत म्हणून नसायचं.

“फोरहँड!” मी म्हणायची आणि ती द्यायची. “फोरहँड! फोरहँड!”

मग ती म्हणाली, “आता न सांगता टाकते. मॅचवानी.” दहातले तीन लागले.

“नको,” मी चिडून म्हणाले. “सांगूनच टाक.”

“मॅचमधी कोन सांगून टाकतंय?”

“कस्तुरी, टाक म्हटलं ना!”

तिनं टाकले. सात वाजेपर्यंत टाकले.

नंतर टाकीच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायलो. ती ओल्या हातानं मानेवरची माती पुसत होती.

“पुण्याच्या शिबिरात म्हने सिमेंटची कोर्टं हायती,” ती म्हणाली. “म्हंजे पानी मारायला नको, रोलर नको, फक्की नको. उठायचं की खेळायचं नुसतं!”

“मग तू पहाटे उठून करशील काय?”

“झोपीन!” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की रोलरपाशी बसलेल्या मल्लाप्पानं वळून बघितलं.

मग तिनं नळ बंद केला. “ताई, आप्पानी मामाला सांगून ठिवलंय. दहावी झाली की माझं बघायचं म्हनून. पुण्याला गेले तर एक वरीस तरी थांबतील.”

मी म्हणाले, “बघू या दुपारी.”

“व्हय. बघू की,” ती म्हणाली आणि गडगडत गेलेले बॉल गोळा करायला लागली.

चारला छताखालच्या खुर्च्या भरल्या होत्या. बाबा पहिल्या रांगेत मधोमध. दाभोळे वकील अंपायर म्हणून उंच खुर्चीवर. मल्लाप्पा मागच्या जाळीपाशी, बूट घातलेला. त्याला बुटात मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षं मी कस्तुरीच्या समोर उभी होते. रोज, पावसाळ्याचे दिवस सोडले तर. आणि तिचा फोरहँड मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला. म्हणजे स्वतःसाठी मारलेला. मला उचलायला सोपा जावा म्हणून नव्हे, मला उचलता येऊ नये म्हणून मारलेला. मी अजून पाऊल टाकते आहे तोवर बॉल मागच्या जाळीवर आदळून खाली पडलेला असायचा. खांदा आधी वळलेला, बॉल खुब्याच्या पुढे, आणि शेवटी रॅकेट डाव्या खांद्यावरून मागे. मला शिकवलेलं सगळं तिच्या अंगात होतं. मला ते शब्द म्हणून ठाऊक होतं.

पहिला सेट तिनं सहा-तीन घेतला. टाळ्या वाजल्या, पण रीतीपुरत्या, लग्नात वरपक्षाच्या पाहुण्यांनी वाजवाव्यात तशा.

दुसऱ्या सेटमध्ये दोन-दोन असताना ते झालं. लांब रॅली चालली होती, माझा श्वास लागला होता, आणि सकाळी सहाच्या टाइमला निघावा तसा शब्द निघाला. “फोरहँड!”

कस्तुरीचा हात हवेत होता. ती डावीकडे मारणार होती, तिचे पाय तसे पडले होते. पण मनगट वळलं आणि बॉल माझ्या उजव्या हाताला, कमरेएवढा. मी मारला. पॉइंट माझा.

“शॉट, ताई!” ती म्हणाली. आणि मग तिनं जीभ चावली.

छताखाली हशा पिकला. दाभोळे वकील खुर्चीतून वाकले. “अहो केतकीबाई, प्रॅक्टिस संपली! मॅच चालू आहे!” पुन्हा हशा. मीही हसले. कस्तुरीसुद्धा हसली, लाजून, दोघींचं गुपित फुटल्यासारखी. वकिलांनी पॉइंट मलाच दिला. खेळताना समोरच्याशी बोललं तर पॉइंट जातो, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

तो सेट मी सात-पाच जिंकले. ती बावरली होती, दोन सर्व्हिसा लागोपाठ नेटमध्ये गेल्या. ब्रेकमध्ये बाबा उठून माझ्याजवळ आले. पाण्याची बाटली पुढे करत म्हणाले, “तिला तुझ्या फोरहँडला आणता येतं बघ. आण.”

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीचाच होता. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या सेटमध्ये ती सावरली. मल्लाप्पा मागून काही बोलत नव्हता, नुसता जाळीला बोटं अडकवून उभा होता. पाच-चार, ती पुढे. सर्व्हिस तिची. थर्टी-ऑल. फोर्टी-थर्टी.

मॅच पॉइंट.

कोर्टच्या पलीकडे कुणीतरी नळ बंद केला तेही मला ऐकू आलं, इतकी शांतता होती. तिनं सर्व्हिस टाकली. मी कशीबशी परतवली. तिनं मला उजवीकडे ओढलं, आणखी उजवीकडे, फक्कीच्या रेषेबाहेर. मी धावत पोचले आणि रॅकेटच्या कडेनं बॉल वर उचलला. तो हवेत गेला, लोंबकळला, आणि कोर्टच्या मधोमध, नेटजवळ, हळूच खाली यायला लागला. लहान मुलालाही मारता यावा असा. माझ्या कोर्टची अख्खी डावी बाजू रिकामी पडली होती. कस्तुरीनं नुसता ढकलायचा होता तिकडे. ती दोन पावलं पुढे आली. खांदा वळला. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण ते यायच्या बेतात होतं, मी ते बघितलं.

“फोरहँड!”

तिचं मनगट वळलं.

बॉल माझ्याकडे आला. उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, घरपोच. माझा खांदा आधीच वळला होता. मी तो खुब्याच्या पुढे घेतला, रेषेला धरून, तिच्या बाजूनं. इतका चांगला फोरहँड मी त्याआधी मारला नव्हता आणि नंतरही कधी मारला नाही.

“शॉट, ताई,” कस्तुरी म्हणाली. हळू, विरत जाणाऱ्या आवाजात.

यावेळी कुणी हसलं नाही. दाभोळे वकिलांनी मान उचलून आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताखाली, पहिल्या रांगेत. मग चष्मा पुसला. कस्तुरी त्यांच्या खुर्चीकडे बघत उभी होती. तोंड उघडलं तिनं. पण बोलण्याआधी तिनं मागे वळून बापाकडे पाहिलं. मल्लाप्पा वाकला, जाळीपाशी पडलेला बॉल उचलला, पँटला पुसला आणि तिच्याकडे टाकला.

“ड्यूस,” दाभोळे वकील म्हणाले.

मग टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी म्हणालं, “काय मारलाय!” बाबा उभे राहिले होते.

त्यानंतर ती खेळली नाही असं नाही. ती धावली, बॉल परतवत राहिली. पण बॉल माझ्या उजव्या हाताला येत राहिले, मी काहीही न म्हणता. सात-पाच.

हात मिळवताना तिचा तळवा कोरडा होता. बक्षीस देताना फोटोसाठी तिला माझ्या डाव्या बाजूला उभं केलं. बाबा मल्लाप्पाच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मल्लाप्पा, तुझ्या पोरीनं घडवलं हं आमच्या केतकीला!”

“आपली किरपा, साहेब,” मल्लाप्पा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यानंतर त्यानं माझ्याकडे कधीच पाहिलं नाही.

सगळे आत चहाला गेले. मी सायकल काढायच्या निमित्तानं मागं रेंगाळले. उन्हं उतरली होती. कस्तुरीनं मॅचचे कपडे बदलले होते आणि पाइप धरून कोर्टवर पाणी मारत होती. माझ्या बुटांच्या खुणा, तिच्या बुटांच्या खुणा, सगळं एक होत होतं.

मी जाळीपाशी जाऊन उभी राहिले. तिनं पाइप खाली ठेवला, पाणी वाहत राहिलं.

“ताई,” ती म्हणाली, “तोंडातनं गेलं न्हवं? सवयीनं?”

ती उत्तर जाळीतून माझ्या हातात ठेवत होती. मी फक्त ते घ्यायचं होतं.

“हो,” मी म्हणाले. “सवयीनं.”

“तेच म्हटलं मी आप्पास्नी,” ती म्हणाली आणि तिनं पाइप पुन्हा उचलला.

सवयीनं गेलं होतं ते पहिल्या वेळी. दुसऱ्या सेटमध्ये, दोन-दोनला. तेव्हा मी पाहिलं होतं की तिचं मनगट वळतं. तिला नको असतानासुद्धा वळतं. ते मी मनात ठेवून दिलं. पुढचा दीड तास ते माझ्याजवळ होतं. तिसऱ्या सेटमध्ये मागे पडत गेले तसतशी मी वाट बघत होते, आणि तो बॉल हवेत लोंबकळत असताना, तिच्या तोंडावर हसू यायच्या बेतात असताना, मला विचार करायला भरपूर वेळ होता. मी विचार केला. मग मी तो शब्द उच्चारला. नीट, मोठ्यानं, मेंबरांच्या आवाजात.

मी पुण्याला गेले. तिथं सिमेंटची कोर्टं होती, आणि कुणी कुणाला बॉल देत नव्हतं. माझा फोरहँड चौथ्याच आठवड्यात पुन्हा आखडला. अकरा महिन्यांनी तिथल्या सरांनी बाबांना बोलावून घेतलं आणि चांगल्या शब्दांत सांगितलं. मी परत आले तेव्हा जिमखान्यात दुसराच मार्कर होता. मल्लाप्पा गुडघ्यामुळे काम सोडून त्याच्या गावी गेला होता, राज्याच्या सीमेपलीकडे कुठंतरी. कस्तुरीचं लग्न झालं, असं कुणीतरी म्हणालं. कुणाशी, कुठं, हे त्याला माहीत नव्हतं. मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

आमच्या घरात मात्र तो शॉट राहिला. बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. माझं लग्न ठरताना मंदारलाही सांगितला. तो मंदारनं उचलला आणि आता त्याच्या चुलतभावंडांना सांगतो. “हिनं मॅच पॉइंट वाचवला होता, कसला फोरहँड!” प्रत्येक वेळी मी आत जाते, काहीतरी गॅसवर असतं.

गेल्या रविवारी त्यानं तो आमच्या जुईला सांगितला. जुई सात वर्षांची आहे. सोसायटीच्या कोर्टवर तिला नुकतं घातलंय. तिची रॅकेट तिच्या कमरेपर्यंत येते. संध्याकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, आणि ती माझ्या गुडघ्यांमध्ये बसून म्हणाली, “आई, तो मॅच पॉइंटचा फोरहँड सांग ना. बाबा पटकन संपवतो. तू सगळं सांग.”

तिचा चेहरा पलीकडे होता. मला फक्त भांग दिसत होता, आणि कानामागची ती मऊ जागा, जिथं अजून बाळाचा वास येतो. तिचा चेहरा समोर असता तर मी सांगू शकले नसते.

मी सगळं सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत, पण सगळं. मनगट वळतं हे मी पाहून ठेवलं होतं, तेसुद्धा. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे तू चीटिंग केलंस?”

“हो.”

“तू?” तिनं वळून पाहिलं. तेलाचा ओघळ तिच्या कपाळावर आला होता. मी तो पदरानं टिपला.

“हो. मी.”

ती पुन्हा पुढं वळली. विचार करत असली की ती पायाची बोटं एकमेकांवर चढवते. तशी चढवली.

“अंपायरकाकांनी ऐकलं?”

“ऐकलं.”

“आजोबांनी?”

“हो. पहिल्या रांगेतच होते ते.”

“आणि तिच्या बाबांनी?”

“त्यांनीही.”

“आमच्या शाळेत खो-खोला नुसता पाय लाइनीच्या बाहेर गेला ना, तरी बाई ओरडतात. परवा मला सगळ्यांसमोर ओरडल्या.” माझे हात तिच्या केसांत होते. वेणीचे तीन पेड धरलेले, विणायचे राहिलेले. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, “मग आई, एवढ्या सगळ्यांनी ऐकलं, तर तुला कुणीच कसं नाही ओरडलं?”